खरखर फुकटची नव्हे

हल्ली फोनवरच गाण्याला कॅसेटची खरखर चढवता येते. नको वाटली की काढून टाकायची. मला ती ऐकवत नाही.

डोंबिवलीतल्या माझ्या खोलीत चार ट्रॅकचं जुनं कॅसेट मशीन आहे, सेकंडहँड, स्वस्तातलं. साध्या कॅसेटच्या दोन्ही बाजूंची जागा ते एकाच दिशेने वापरतं. टेप उलटवायची सोय नाही. पाचवा आवाज हवा, तर आधीचे तीन चौथ्या ट्रॅकवर एकत्र उतरवायचे आणि मूळ तीन पुसायचे. ढोलकी जरा मोठी राहिली? राहिली. वर खरखर वाढते ती वेगळीच.

जानेवारी १९८२मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात असल्याच चार ट्रॅकवर ‘नेब्रास्का’ची गाणी नमुना म्हणून टेप केली. बँडबरोबर स्टुडिओत ती जमेनात, म्हणून शेवटी ती कॅसेटच अल्बम झाली. ‘किती खरा आवाज!’ असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचो. पण त्यातला तो ओसाड प्रतिध्वनी इकोप्लेक्स नावाच्या यंत्राचा आहे, मिक्स करताना घातलेला. मग तोही फिल्टरच की! फरक एवढाच, की गाण्यात मुरलेला तो प्रतिध्वनी त्या कॅसेटवरून नंतर काढता येणार नव्हता.

माझ्या एका टेकमध्ये ऐन ध्रुवपदावर लोकलचा भोंगा आहे. ढोलकी मात्र त्याच टेकला नेमकी बसली होती. आता दोन्ही एकाच ट्रॅकवर आहेत.