विस्तारसंचांची निवड : एक पाठविचार

'द सिम्स ४' ह्या संगणकीय खेळाचा मूळ भाग १८ ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य मिळू लागला. तेव्हा खेळ विकत घ्यावा की न घ्यावा हा प्रश्न मिटला, आणि त्यास जोडावयाचे विस्तारसंच कोणते घ्यावेत हा अधिक कठीण प्रश्न मागे उरला. विस्तारसंच, म्हणजे खेळणाऱ्यांच्या बोलण्यातील 'एक्सपान्शन पॅक', हा मूळ खेळास स्वतंत्र किंमत देऊन जोडावयाचा भाग होय. मोठ्या पॅकची अमेरिकेतील छापील किंमत सुमारे ४० डॉलर, त्याहून लहानांची २० व १० डॉलर, आणि अगदी चिमुकल्या 'किट'ची ५ डॉलर. २०२५ अखेर मोठे पॅकच वीसच्या घरात गेले होते; म्हणजे छापील किमतीने केवळ तेवढ्यांचेच सुमारे ८०० डॉलर होतात. मध्यमवर्गीय मराठी घरास हा खर्च झेपणारा नाही. निवड करावीच लागते, आणि जेथे निवड आली तेथे निकष आला. ह्या निकषाचा विचार करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा खेळ म्हणजे तत्त्वतः भातुकलीच होय. विल राइट ह्यांनी मॅक्सिस ह्या संस्थेत रचलेला पहिला 'सिम्स' २००० साली प्रसिद्ध झाला. १९९१ च्या ओकलंड येथील आगीत त्यांचे स्वतःचे घर जळाले, आणि संसार पुन्हा वस्तुवस्तूंनी उभा करताना ह्या खेळाची कल्पना त्यांस सुचली, हे प्रसिद्धच आहे. घर बांधावे, माणसे वसवावीत, त्यांस जेवूखाऊ घालावे, नोकरीस पाठवावे; जिंकणे-हरणे असे काही नाही. आपल्याकडील भातुकलीतही पितळेची चूल, परात, बंब असे जिन्नस एकेक करून जमत जातात. परंतु एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. भातुकलीत 'आता पाऊस आला' असे म्हटले की पाऊस येतो. तो दुकानातून आणावा लागत नाही. ह्या खेळात मात्र २०१८ च्या जूनपर्यंत पाऊस नव्हता, आणि त्यानंतर जो आला तो 'सीझन्स' ह्या विकतच्या पॅकमधून आला.

येथे जुन्या ग्रंथांच्या अभ्यासकास एका परिचित समस्येची आठवण होईल. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत कालांतराने अपपाठ शिरले, आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ कोणते आणि मागाहूनचे कोणते हे ठरविणे, हे संपादकाचे आद्य कार्य. 'सिम्स'पुढे मात्र हे कार्य उलटे होऊन बसते. येथे क्षेपक खुद्द कर्ताच घालतो, आणि तोही विकून. शिवाय मूळ संहिताच पूर्ण नव्हती. २०१४ च्या सप्टेंबरात खेळ प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात चालू-बोलू लागलेली लहान मुले नव्हती. ती २०१७ च्या जानेवारीत आली. पाळण्याशी जखडलेले तान्हे बाळ तेथून मोकळे होण्यास २०२३ चा मार्च उजाडला. ही भर विनामूल्य घातली गेली हे खरे; पण मानवी आयुष्याचे अनुकरण करू म्हणणाऱ्या कृतीत शैशवच गाळलेले असावे, ह्यास त्रुटी म्हणावयाचे नाही तर काय? तात्पर्य, मूळ प्रतीचा आधार घेऊन येथे पाठनिश्चिती करता येत नाही. प्रत्येक खेळणारा आपापली प्रत सिद्ध करतो, आणि पॅकची निवड ही त्याची पाठनिश्चिती असते.

मग ग्राह्य पाठ ओळखावा कसा? ज्या भरीचा परिणाम संहितेच्या प्रत्येक पानावर जाणवतो ती ग्राह्य. जी आपल्याच एका प्रकरणात कोंडून राहते ती क्षेपक, मग तिची सजावट कितीही मोहक असो. ह्या कसोटीचे प्रत्यंतर नवीन पनवेलमध्ये राहणाऱ्यास घराबाहेर पाऊल टाकताच मिळू शकते. सिडकोने सेक्टर पाडून आखलेल्या ह्या वसाहतीत लोकांनी गॅलऱ्या बंद करून खोल्या काढल्या, बैठ्या घरांवर मजले चढविले. ही वाढ पुष्कळदा बेढब असते, परंतु ती जुन्या घराचा दिनक्रमच पालटते : कोण कोठे निजतो, अभ्यास कोठे होतो, पाहुण्यास कोठे बसवावे, हे सारे बदलते. नवी मुंबईतच, बेलापूर येथे, चार्ल्स कोरिया ह्यांनी १९८० च्या दशकात आखलेली घरे तर ह्या वाढीचा आधीच विचार करून रचलेली होती. शेजाऱ्याची भिंत सामाईक नसल्यामुळे ज्याने त्याने आपल्या कुवतीप्रमाणे घर वाढवावे अशी ती योजना होती. चांगला पॅक असा घराच्या अंगात मुरणारा असतो. वाईट पॅक म्हणजे दूरच्या गावी घेतलेली सुट्टीची खोली.

ह्या कसोटीवर 'सीझन्स' निर्विवाद पहिला ठरतो. तो घेतल्यावर पूर्वी बांधलेल्या प्रत्येक घरावर पाऊस पडू लागतो; पात्रांस थंडी वाजते, उकडते, छत्री लागते. त्यातील कालगणना अर्थातच परकी आहे. वसंत, उन्हाळा, पानगळ, हिवाळा असे चार ऋतू. पाऊस त्यांत विखुरलेला, आणि वर्षा असा स्वतंत्र ऋतू नाहीच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओले कपडे घरातल्या दोऱ्यांवर वाळविणाऱ्या पनवेलकरास हे पचनी पडणे कठीण. हिम बंद ठेवता येते एवढाच दिलासा. परंतु ह्या पॅकमधील दिनदर्शिकेत स्वतःचे सण घालता येतात, आणि ही गोष्ट मोलाची आहे. पाडवा घातला, तर दिलेल्या प्रथांच्या यादीतून थाटाचे जेवण आणि पाहुण्यांस आमंत्रण एवढे साधते. गुढी उभारता येत नाही. गणपती बसविता येत नाही की पोहोचविता येत नाही. तरीही वर्षाला एक चक्राकार गती लाभते, आणि मर्ढेकरांनी लय म्हणून ज्या तत्त्वाचा पुरस्कार केला त्याचा थोडा आभास तरी ह्या एरवी सपाट कालप्रवाहात निर्माण होतो.

दुसरा 'ग्रोइंग टुगेदर' (२०२३). ह्यात नात्यांस स्वभाव येतो : कोणाचे सख्य, कोणाची तेढ, कोणाचा धाक. मूळ खेळात बाप-लेक हे केवळ मैत्रीच्या मोजपट्टीवरचे दोन बिंदू होते. येथे ते बाप-लेक होतात. पण एक अडसर कोणत्याही पॅकने दूर होत नाही. एका कुटुंबात आठांहून अधिक माणसे मावत नाहीत. आजी-आजोबा, दोन भाऊ, दोन जावा आणि त्यांची तीन मुले, असे साधे एकत्र कुटुंब ह्या खेळाच्या दृष्टीने अशक्य कोटीतले आहे.

म्हणूनच 'फॉर रेंट' (डिसेंबर २०२३) मला तिसरा वाटतो. तो आग्नेय आशियाच्या धर्तीवरील तोमारांग ह्या गावासह येतो, पण त्या गावासाठी तो घेऊ नये. एका जागेवर सहापर्यंत बिऱ्हाडे बांधण्याची सोय त्यात आहे, आणि ती जुन्या गावांतही चालते. तेव्हा चाळ उभी राहते, वाडा उभा राहतो. नववा माणूस शेजारच्या बिऱ्हाडात राहू शकतो. भाडे, घरमालकाची कुरकूर, दाराआडून ऐकलेले बोलणे हे सारे आले. ह्याउलट 'सिटी लिव्हिंग' (२०१६) मधील सदनिका सान मायशुनो ह्या एकाच शहरापुरत्या, आणि त्यांचा सांगाडा ठरलेला. आतून रंगरंगोटी करावी, इतकेच. त्या शहरात मसाल्याचा बाजार आहे, उत्सवात तिखट कालवण खाण्याची पैज आहे, गीता रसोया नावाची बाईही भेटते. मराठी वाचकास हे पाहून क्षणभर बरे वाटेल. तथापि ती ओळख त्या शहराच्या वेशीबाहेर येत नाही.

राहता राहिले २०२१ चे 'फॅशन स्ट्रीट' हे किट. त्याची प्रेरणा आपल्या मुंबईतील फॅशन स्ट्रीट होय, आणि त्यातील कपडे झोकदारही आहेत. परंतु तेथील गर्दी, घासाघीस, किंमत निम्म्यावर आणून वर पुन्हा पाठ फिरविण्याचा आव, ह्यांतले काहीच त्यात नाही. कपाटात चार जोड वाढतात. ज्यास एकच पॅक परवडतो त्याने 'सीझन्स' घ्यावा, दुसरा परवडेल तेव्हा 'ग्रोइंग टुगेदर' पाहावा. आणि ज्याच्या घरात खरोखरच नऊ माणसे आहेत त्याने हा क्रम मोडून प्रथम 'फॉर रेंट' घेतला तरी त्यास दोष देता येणार नाही.