कठीण खेळ आणि अन्याय्य खेळ : ‘डार्केस्ट डंजन’वरील खेळाडूंच्या अभिप्रायांचा विचार

एखादा खेळ ‘फार कठीण आहे’ असे खेळाडू म्हणतो, तेव्हा तो नेमके काय म्हणत असतो? प्रश्न वरवर सोपा दिसतो. परंतु संगणकावरील खेळांसंबंधी जे अभिप्राय व्यक्त होतात, त्यांत या एका विशेषणाखाली परस्परांशी संबंध नसलेल्या दोन तक्रारी दडलेल्या असतात. एक तक्रार अशी की, खेळाने जे मागितले ते देण्याचे सामर्थ्य खेळाडूजवळ नव्हते. दुसरी अशी की, खेळाने काय मागितले हेच त्याला कळू दिले गेले नाही. पहिलीस काठिण्याची व दुसरीस अन्यायाची तक्रार म्हणता येईल. कर्ते, विक्रेते व पुष्कळ वेळा समीक्षकही या दोहोंची गल्लत करतात आणि मग अन्यायावर उपाय म्हणून काठिण्य कमी केले जाते. कॅनडातील रेड हुक स्टुडिओज या संस्थेने रचलेल्या ‘डार्केस्ट डंजन’ या खेळाभोवती २०१५ साली जो वाद झाला, तो या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

हा खेळ ज्या कुळातला, त्याचे नाव ‘रोगलाइक’. मराठी कानाला हे नाव व्याधीचे वाटेल. वस्तुतः मूळ शब्दाचा अर्थ भामटा किंवा लफंगा असा असून तो ‘रोग’ नावाच्या एका जुन्या खेळावरून आलेला आहे. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेतील मायकेल टॉय व ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी तो रचला व पुढे केन अर्नोल्ड यांचे साहाय्य त्यास लाभले. त्यात चित्रे नव्हती. भिंती, दारे, राक्षस, सर्व काही टंकलेखनाच्या अक्षरचिन्हांनी दाखविलेले असे. खेळाडूने एक पाऊल टाकावे, मग राक्षसांनी आपले पाऊल टाकावे, अशी आळीपाळीची रीत होती; घाई कोठेच नव्हती. दोन गोष्टी मात्र अपूर्व होत्या. भुयाराचा नकाशा प्रत्येक डावात नव्याने तयार होई, आणि पात्र मेले की राखून ठेवलेला डावही पुसला जाई. २००८ साली बर्लिन येथे या प्रकारच्या खेळांच्या रचनाकारांची परिषद भरली असता जी लक्षणे निश्चित करण्यात आली, त्यांत या दोहोंस अग्रस्थान मिळाले.

या दोन नियमांच्या संयोगातून एक विलक्षण परिणाम घडतो. नकाशा बदलतो म्हणून तो पाठ करता येत नाही. मिळविलेली शस्त्रे व संपत्ती मृत्यूबरोबर जातात. मागे उरते ते केवळ ज्ञान: कोणत्या प्राण्यापासून पळावे, कोणते औषध केव्हा प्यावे, पुढच्या दालनात शिरण्यापूर्वी किती रक्त शिल्लक असावे. महाभारताच्या वनपर्वातील नलाख्यानाचा अभ्यास ज्यांनी केला आहे, त्यांस ही कल्पना नवी वाटू नये. नल फाशांत राज्य हरतो. परंतु पुढे ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पाने व फळे क्षणात मोजून दाखवितो आणि अश्वविद्येच्या मोबदल्यात त्याला अक्षहृदय देतो. त्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरीत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मोजणीचे मर्म कळते. पुष्कराशी दुसऱ्यांदा खेळताना फासे तेच असतात. नल मात्र पूर्वीचा राहिलेला नसतो. विदर्भराजकन्येच्या या कथेत दैव नाहीसे होत नाही. ते वाचता येऊ लागते. रोगलाइक खेळाचा चाहता ज्या आनंदासाठी शंभर वेळा मरण पत्करतो, तो आनंद याच जातीचा आहे.

‘डार्केस्ट डंजन’ने हा सांगाडा घेतला, पण त्यात एक मोठा बदल केला. खेळाडू येथे स्वतः वीर नसतो. एका पडक्या वाड्याचा तो वारस असतो आणि भाडोत्री वीरांना चौघाचौघांच्या तुकडीने भुयारात धाडीत असतो. वीर मेला की कायमचा जातो. वाडा व वसाहत मात्र राहतात. अर्थात शुद्ध लक्षणांनी पाहता हा रोगलाइक अर्धामुर्धाच ठरतो. शरीराच्या जखमांबरोबर मनावरील ताणाचीही येथे मोजदाद होते. तो शंभरावर गेला की वीर बहुधा भयाने, संशयाने किंवा स्वार्थाने ग्रासला जातो व आज्ञा मोडू लागतो. क्वचित उलट धीरोदात्तही होतो. रक्त शून्यावर आले तरी तत्काळ मृत्यू येत नाही. वीर मृत्यूच्या उंबरठ्यावर उभा राहतो आणि त्यानंतरच्या प्रत्येक घावास दैवाची परीक्षा होते. दर शंभरांत सुमारे ६७ वेळा तो तरतो, उरलेल्या वेळी नाही.

‘डंजन’ या शब्दाला तळघर, भुयार, अंधारकोठडी असे अनेक मराठी प्रतिशब्द सुचतात. पण अंधारकोठडी म्हणजे प्रत्यक्षात काय, याची साक्ष देणारे स्थळ भंडारा जिल्ह्यात तुमसरजवळ आहे. आंबागडचा किल्ला देवगडच्या बख्त बुलंद राजाच्या पदरच्या राजाखान पठाणाने इ. स. १७०० च्या सुमारास बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांच्या अमलात तो तुरुंग म्हणून वापरला गेला. आणि तेथील कैद्यांना आतल्या विहिरीचे साचलेले, विषारी पाणी पिण्यास भाग पाडून मारीत, अशी परंपरा आहे. परंपरेतील तपशील इतिहासाच्या कसोटीला किती उतरतील हा वेगळा प्रश्न. येथे तिचा उपयोग इतकाच की, तीत खेळाच्या भुयाराचे पूर्ण उलट रूप दिसते. आंबागडच्या कैद्यापुढे तहान आणि विष हे दोनच मार्ग होते व दोन्ही एकाच ठिकाणी पोहोचत होते. त्या अवस्थेला ‘कठीण’ म्हणणे म्हणजे भाषेची विटंबना होय. जेथे निवड नाही तेथे काठिण्यही नाही. खेळातील भुयार कितीही भीषण रंगविले तरी त्याचे भुयारपण निवडीवर अवलंबून असते: मशाल आता पेटवावी की जपून ठेवावी, जखमी वीराला घेऊन परत फिरावे की आणखी एक दालन पाहावे.

मात्र निवड नसली की तक्रार होतेच, असेही नाही. मराठी मुलुखात खेळला गेलेला मोक्षपट याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देण्याची परंपरा आहे, परंतु उपलब्ध पट बरेच अलीकडचे आहेत. जेकब श्मिट-मॅडसेन यांनी २०१९ साली कोपनहेगन विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात पश्चिम भारतातील अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील अशा पटांचा विस्ताराने विचार केला आहे. मोक्षपटात खेळाडू काहीच ठरवीत नाही. कवड्यांचे दान पडेल तितकी घरे चालावयाची. शिडी लागली तर वर, सर्प लागला तर खाली. मोक्षाच्या उंबरठ्यावरून एखाद्या दुर्गुणाच्या घरी येऊन पडलेला खेळाडू हळहळतो, पण पटाला अन्यायी म्हणत नाही. कारण पटाने त्याला कर्तेपणाचे आश्वासनच दिलेले नसते. आपल्या भाषेत ‘रडीचा डाव’ असा शब्दप्रयोग आहे, तो हरणे नाकारणाऱ्या खेळाडूला लागतो. पटाला दूषण देणारा तितका रूढ शब्दप्रयोग नाही, ही गोष्ट सूचक मानावयास हरकत नाही. अन्यायाची भावना उपजते ती या दोन टोकांच्या मध्ये, जेथे निवड खेळाडूची व दान दैवाचे असते आणि हार कोणाच्या खात्यावर मांडावी हे सांगता येत नाही.

आता २०१५ च्या वादाकडे वळावे. ‘डार्केस्ट डंजन’ त्या वर्षाच्या प्रारंभी अपूर्णावस्थेतच विक्रीस आला. ग्राहकांनी तो खेळावा, अभिप्राय द्यावा व कर्त्यांनी त्यावरून सुधारणा करावी, अशी ही पद्धत होती. जुलै महिन्यात कर्त्यांनी दोन नवे नियम आणले. पहिला प्रेतांचा. तोवर शत्रूच्या रांगेतील पुढचा गडी पडला की मागचे आपोआप पुढे सरकत व तलवारीच्या टप्प्यात येत. आता मेलेल्याचे प्रेत जागा अडवून पडू लागले. दुसरा नियम असा की, ताण दोनशेवर गेल्यास वीराचे हृदय बंद पडावे. यावर खेळाडूंत मोठा क्षोभ उसळला. काहींनी नियमांचे स्वागत केले. अनेकांनी खेळ कंटाळवाणा, क्रूर व फसवा झाल्याचे म्हटले. अखेरीस हे नियम इच्छेनुसार बंद करण्याची सोय कर्त्यांनी दिली, आणि १९ जानेवारी २०१६ रोजी पूर्ण झालेला खेळ प्रसिद्ध झाला तेव्हाही ती कायम होती.

रचनेच्या दृष्टीने पाहता प्रेतांचा नियम योग्य होता, असेच म्हणावे लागते. या खेळाचे सारे वैशिष्ट्य रांगेतील स्थानात आहे: कोणता वीर कोठे उभा राहून कोणत्या स्थानावरील शत्रूस मारू शकतो, यावर प्रत्येक डाव उभा आहे. मागचे शत्रू फुकट पुढे येत असतील तर दूरवर मारा करणाऱ्या वीराची किंवा शत्रूला ओढून आणणाऱ्या युक्तीची गरजच काय? प्रेतांनी ती गरज निर्माण केली; निवड वाढविली. हृदयाच्या नियमाविषयी असे निःशंकपणे म्हणता येत नाही. ताणाला अंतिम मर्यादा असावी हे खरे; पण ती मर्यादा मृत्यूच्या इतकी जवळ नेल्याने मनाच्या दुखण्याचे शरीराच्या दुखण्याहून निराळेपण काहीसे पुसट झाले, आणि हे निराळेपणच या खेळाची सर्वांत मौलिक कल्पना होती.

मग क्षोभ का? येथे अभिप्राय देणारे कोण होते हे पाहणे अगत्याचे आहे. ते नवखे नव्हते. अनेकांनी दीर्घकाळ खेळून आपल्या तुकड्या बसविल्या होत्या, डावपेच घडविले होते. नव्या नियमाने त्यांचे अक्षहृदयच निरुपयोगी केले. ज्या खेळात मृत्यूनंतर ज्ञानाखेरीज फारसे काही उरत नाही, तेथे ज्ञान रद्द करणे हा सर्वांत मोठा दंड होय. त्यांनी तक्रार काठिण्याच्या शब्दांत मांडली, कारण तोच शब्द हाताशी होता. दुःख मात्र करारभंगाचे होते. नियम बंद करण्याची कळ देऊन कर्त्यांनी करार पूर्ववत केला, पण त्याची किंमतही दिली. त्यानंतर दोन खेळाडू एकाच खेळाविषयी बोलत आहेत की नाहीत, याची खात्री उरली नाही. तरीही नियम मूळ मांडणीत चालूच ठेवले व सुटका मागणाऱ्यास दिली, हा तोडगा नियम मागे घेण्यापेक्षा निश्चित बरा होता.

याच्या जोडीस मेगा क्रिट या संस्थेचा ‘स्ले द स्पायर’ ठेवून पाहावा. तोही आळीपाळीचा, तोही मृत्यूनंतर प्रारंभापासून सुरू होणारा. २०१७ च्या नोव्हेंबरात तो अपूर्णावस्थेत विक्रीस आला व २०१९ च्या जानेवारीत पूर्ण झाला. त्यात शत्रू पुढच्या पाळीत मारणार की बचाव करणार, मारणार तर किती, हे त्याच्या डोक्यावर आधीच दाखविलेले असते. याने खेळ सोपा झाला असे कोणी म्हणणार नाही. वीस पायऱ्यांपर्यंत वाढविता येणारे त्याचे काठिण्य भल्याभल्यांस पुरून उरते. परंतु हार झाली की ती कोणत्या पाळीत, कोणत्या पानाने ओढवली हे खेळाडू सहसा सांगू शकतो. काठिण्य तेवढेच ठेवून अन्याय कमी करता येतो, याचा हा सरळ पुरावा आहे.

खेळाचा आरंभीचा अंश फुकट खेळावयास देण्याची, म्हणजे ‘डेमो’ची, जी पद्धत अलीकडे फोफावली आहे, तिच्यातील अभिप्राय वाचताना हा भेद अधिकच उपयोगी पडावा. कादंबरीचे पहिले प्रकरण वाचून दिलेले मत अपुरे असते, कारण वाचक पुढे गेलेला नसतो. रोगलाइकच्या नमुन्यावरील मत निराळ्या कारणाने अपुरे असते: येथे पूर्ण खेळाचा खेळाडूही प्रारंभच पुनःपुन्हा खेळत असतो, परंतु दहाव्या प्रारंभाचा अर्थ पहिल्यासारखा राहत नाही. तीनदा मरून नमुना सोडून देणाऱ्याने ‘अशक्य’ असा शेरा मारला, तर त्यावरून राक्षसांचे बळ कमी करणे हा उतावीळपणा होय. त्याला विचारावयाचे ते इतकेच की, तिसऱ्या मृत्यूचे कारण त्याला सांगता येते काय. सांगता येत असेल तर खेळ कठीण आहे व तो खेळ त्याच्यासाठी नसेलही. सांगता येत नसेल तर दोष बहुधा पटाचा. मग तो शेरा कितीही त्राग्याने लिहिलेला असो. उलट, पन्नास तास खेळून ‘फार सोपा’ म्हणणाऱ्याच्या मतालाही सावधपणे घ्यावे लागते, कारण जे त्याला आता उघड दिसते ते पहिल्या दिवशी कोणाला दिसणारच नव्हते. ‘स्टीम’ या विक्रीव्यवस्थेत अभिप्रायाशेजारी खेळाचे तास छापले जातात, ही म्हणून मोठी सोय आहे. पण शिफारस ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढ्यातच मागितली जात असल्याने वरचा भेद तेथे पुसलाच जातो. तो मजकुरातून शोधून काढावा लागतो.

रेड हुकने पुढे ‘डार्केस्ट डंजन’चा दुसरा भाग काढला, तोही प्रथम अपूर्णावस्थेत आला व मे २०२३ मध्ये पूर्ण झाला. त्यात वाडा नाही, वसाहत नाही; चार वीर घोडागाडीतून निघतात आणि मोहीम फसली की नव्याने निघतात. म्हणजे पहिल्यापेक्षा हा खेळ ‘रोग’च्या अधिक जवळ आला. पहिल्या खेळाच्या अनेक चाहत्यांना नेमके हेच रुचले नाही. या वेळची त्यांची मुख्य तक्रार काठिण्याची नव्हती. पहिल्या खेळात आठवडेच्या आठवडे सांभाळलेला एखादा वीर गमावला की वाड्याच्या स्मशानात त्याचे नाव राहत असे; दुसऱ्यात मोहीम संपली की सारेच संपते, असे त्यांना वाटले. आरंभीच्या दोन तक्रारींपैकी कोणत्याही एकीत हा आक्षेप बसत नाही, आणि त्याचा विचार काठिण्याच्या चर्चेत ओढून न आणता स्वतंत्रपणेच व्हावयास हवा.