फूट आली म्हणजे छाटणी साधली का?

पावसाळ्याच्या तोंडावर परभणी जिल्ह्यातील कोणत्याही रस्त्याने जा. विजेच्या तारांखाली मुंडण केलेले कडुनिंब दिसतात. श्रावणात त्यांच्या खुंटांवर हिरवे झुबके येतात आणि पाहणारे म्हणतात, "छाटणी मानवली!" एका शाळेच्या आवारात छाटलेल्या दोन निंबांपुढे आम्हालाही हेच ऐकायला मिळाले. आमचे मत वेगळे पडले.

पहिला निंब तारेजवळचा. त्याच्या साऱ्या फांद्या एकाच उंचीवर कापलेल्या, कापलेली तोंडे मांडीएवढी जाड आणि त्यांवर डांबर. त्याला भरपूर फूट आली आहे, हे खरे. पण पाने गेली की अन्न तयार होणे थांबते आणि झाड लाकडात साठवलेले पिष्ट खर्चून सुप्त डोळे फोडते. म्हणजे ही फूट शिल्लक मोडून केलेला खर्च आहे. शिवाय हे फुटवे फांदीच्या फक्त बाहेरच्या थराला धरून असतात. ते सरळ वर धावतात, लवकरच पुन्हा तारेला भिडतात आणि वादळात निखळतात. ज्या हेतूने छाटणी केली, तोच फसला.

दुसरा निंब वर्गाच्या छपरावर झुकलेला. तो छाटला आहे हे प्रथम लक्षातच येत नाही. घेर लहान झाला, पण घडण तीच राहिली. प्रत्येक लांब फांदी तिच्याच एखाद्या उपफांदीपर्यंत मागे घेतली आहे. ती उपफांदी आता शेंड्याचे काम करते. दोष मात्र आहेत. एका ठिकाणी वीतभर खुंट उरला आहे; दुसरीकडे आधी खालून खाच न घेतल्याने फांदी पडताना साल सोलली गेली.

तोंडाच्या आकाराला एवढे महत्त्व का? अमेरिकेच्या वनखात्यातील ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून पाहिली आणि १९७७ साली निष्कर्ष मांडले. आपली कातडी भरते, तशी झाडाची जखम भरत नाही. झाड जखमी लाकडाभोवती भिंती घालते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. फांदीच्या बुडाशी जी फुगीर वळी असते, तिथे ही व्यवस्था बळकट असते. म्हणून काप वळीच्या लगेच बाहेर हवा. वळी कापू नये, तशीच खुंटीही ठेवू नये. डांबराने कुज थांबत नाही.

"तुती तर बुडापासून छाटतात, तरी जोमाने फुटते," असे रेशीमवाले शेतकरी म्हणतील. बरोबर आहे. पण तिथे कोवळ्या, बारीक फांद्या नेमाने कापल्या जातात आणि हवा असतो तो पाला. आपल्याला हवी असते वर्षानुवर्षे टिकणारी सावली. हेतू वेगळा, म्हणून कसोटीही वेगळी.

ही कसोटी मुलांना दोऱ्याने लावता येईल. जमिनीवर पडलेल्या फांदीचा घेर कापाजवळ मोजा. घेरांचे गुणोत्तर तेच व्यासांचे. फांदी ३६ सेंटिमीटर भरली, तर पुढे ठेवलेली उपफांदी किमान १२ सेंटिमीटर, म्हणजे एक-तृतीयांश तरी हवी. एका वेळी साधारण पाव हिश्शाहून अधिक पाला काढू नये, हाही सर्वमान्य ठोकताळा आहे. तारेजवळच्या फांद्या मात्र वीजपुरवठा बंद करून जाणकारांनीच काढाव्यात.

एप्रिलमध्ये परभणीचा पारा चाळिशी ओलांडतो. सकाळची शाळा सुटल्यावर मुले उभी राहतात ती याच निंबांखाली. पहिल्या निंबाखाली यंदा त्यांना उभे राहायला जागा नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुऱ्हाडवाला झाडावर चढण्याआधी गुरुजींनी खाली उभे राहून एवढेच विचारावे : ही फांदी कुठपर्यंत, आणि पुढे कोणती ठेवणार?