‘ब्लाइंड’ पद्धत खरंच किती ब्लाइंड?

२००६ साली आयआयटी कानपूरचे रजीब साहा व पंकज जैन आणि पुण्याच्या आयुकातले तरुण सौरदीप यांनी डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या नकाशांतून सीएमबीचा, म्हणजे वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणाचा, पॉवर स्पेक्ट्रम काढला. त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘ब्लाइंड’ हा शब्द आहे. तो शब्द तपासून घ्या.

सीएमबीचे तापमान २.७२५ केल्व्हिन, आणि त्यातले चढउतार साधारण लाखात एक भाग. त्यावर आपल्या आकाशगंगेचा थर बसतो: कमी वारंवारतेला सिंक्रोट्रॉन, जास्तीला धूळ. या लेखकांनी धुळीचा वेगळा नकाशा वापरलाच नाही. तापमानाच्या एककात सीएमबी सर्व चॅनेलांत सारखाच दिसतो, आकाशगंगा बदलते. म्हणून भारांची बेरीज १ ठेवायची आणि बेरजेच्या नकाशाचे विचरण किमान करायचे. दिल्लीच्या धुरात पराळी किती, गाड्या किती, हे शोधताना बहुधा दोषींच्या खुणा हाताशी असतात; इथे फक्त निर्दोषाची ओळख पुरते! पण ‘बेरीज १’ या अटीतच सीएमबी अचूक कृष्णवस्तू आहे आणि चॅनेलांचे कॅलिब्रेशन बिनचूक आहे, हे गृहीत आहे. तेवढी पद्धत डोळस आहे.

निबंधाचे खरे बळ माझ्या मते पुढे आहे. वेगवेगळ्या डिटेक्टरांपासून बनवलेले स्वच्छ नकाशे एकमेकांशी गुणले, की उपकरणाचा नॉइज सरासरीत गळून पडतो.

दुखणे आहे ते लहान l पाशी. दोन चॅनेलांची वजाबाकी करा: सीएमबी उडतो, उरते आकाशगंगा. सीएमबीचा या फरकाशी योगायोगाने थोडा सहसंबंध असतोच, आणि विचरण किमान करताना तो भागही कापला जातो. n चॅनेल असतील तर ही घट सुमारे (n−१)/(२l+१). चार चॅनेल आणि l = २ घेतल्यास ३/५! मोठ्या l ला ती नगण्य. डब्ल्यूमॅपच्या २००३ च्या निष्कर्षांत l = २ ची शक्ती अपेक्षेहून कमी निघाली होती आणि त्यावरून नव्या भौतिकीची चर्चा रंगली. अशा जागी शक्ती खाणारी पद्धत दुरुस्तीविना वापरणे धोक्याचे. या गटाने सिमॉन प्रुने यांच्यासह २००८ मध्ये या घटीचे गणित सविस्तर मांडले; पहिला निबंध त्याच्याशिवाय वाचू नका.

स्वतः करून पाहा. पाच यादृच्छिक संख्या s, दुसऱ्या पाच f. चॅनेल दोन: s+f आणि s+३f. भार काढा, हजारदा फिरवा, s² मधली सरासरी घट १/५ येते का बघा.