शब्द टाळला, आकडा राहिला

अमेरिकेची मूळ राज्यघटना मी एक शब्द शोधत वाचली: गुलाम. १७८७ साली फिलाडेल्फियात सिद्ध झालेल्या त्या संहितेत तो कुठेही नाही. गुलामगिरी मात्र आहे. पहिल्या कलमात प्रतिनिधींच्या जागा ठरवताना ‘इतर’ व्यक्ती तीन-पंचमांश मोजल्या आहेत. त्याच कलमात अशा व्यक्तींच्या आयातीवर १८०८पूर्वी बंदी घालण्यास काँग्रेसला मनाई आहे. चौथ्या कलमात पळून गेलेल्यांना परत हवाली करण्याची तजवीज आहे.

माणूस ही मालमत्ता असू शकते, ही कल्पना घटनेत येणे मॅडिसनला गैर वाटत होते. त्याच्याच टिपणांत ते नोंदले आहे. त्यावरून काही अभ्यासक म्हणतात, घटनेने गुलामगिरीला तत्त्वतः मान्यता दिलीच नाही. हा युक्तिवाद पोकळ नाही. गॅरिसनने १८५४ साली घटनेची प्रत जाहीरपणे जाळली. पण त्याचा एकेकाळचा सहकारी, स्वतः गुलामीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस, तोवर त्याच घटनेतून मुक्तीचा अर्थ काढू लागला होता. लढ्याचे हत्यार म्हणून डग्लसचे वाचन मला मोलाचे वाटते. राष्ट्राच्या पायाभरणीचा इतिहास म्हणून ते अपुरे पडते.

तीन-पंचमांश म्हणजे गुलामाचे माणूसपण कमी लेखले, असे सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात पूर्ण मोजणीचा आग्रह मालकांच्या राज्यांचा होता. कारण मोजला जाणार गुलाम, आणि वजन वाढणार मालकाचे.

१७९०च्या जनगणनेत व्हर्जिनियात स्वतंत्र माणसे सुमारे ४ लाख ५५ हजार, तर पेनसिल्व्हेनियात सुमारे ४ लाख ३१ हजार. त्यानंतरच्या वाटपात व्हर्जिनियाला १९ जागा मिळाल्या, पेनसिल्व्हेनियाला १३. फरक व्हर्जिनियातल्या २ लाख ९२ हजार गुलामांचा. ३३ हजारांमागे एक जागा या प्रमाणात त्यांना वगळले, तर व्हर्जिनियालाही १३च जागा येतात. ज्यांना मत नव्हते, त्यांच्या नावावर सहा जागा! राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मंडळातही हीच बेरीज चालली. पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांपैकी चार व्हर्जिनियाचे, आणि चौघेही गुलामांचे मालक. याचे सारे श्रेय मी या एका कलमाला देणार नाही. पण ते बाजूला ठेवून त्या काळाचा सत्ताकारणाचा इतिहास लिहिता येत नाही.

म्हणून गुलामगिरी हा या राष्ट्राच्या जन्मावरचा निव्वळ डाग होता, असे म्हणणे मला पटत नाही. सत्तेच्या वाटपाचे ते एक माप होते.

घटनेत गुलामगिरी हा शब्द आला तो १८६५ साली, तेराव्या दुरुस्तीत, ती रद्द करताना. त्यानंतर आठ वर्षांनी जोतीराव फुल्यांनी आपला ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. फिलाडेल्फियाच्या सभेने जो शब्द टाळला, तोच शब्द शूद्रातिशूद्रांच्या स्थितीसाठी त्यांनी ग्रंथाच्या मथळ्यावर घातला. अन्यायाला त्याच्या नावाने हाक मारल्याखेरीज त्याचा हिशेब मांडता येत नाही, हे त्यांनी जाणले होते.