जखमेला न चिकटणारी मलमपट्टी : संकल्पना आणि व्यवहार यांची समीक्षा

प्रस्तावना

जखमेवर थेट टेकणारा, तिला न चिकटणारा आणि तिच्यातील स्राव वरच्या शोषक थरापर्यंत जाऊ देणारा सच्छिद्र पापुद्रा म्हणजे 'संपर्कस्तर' होय. साध्या गॉजच्या विणीत स्राव वाळतो, भरून येणाऱ्या जखमेतील नव्या ऊती त्या विणीत शिरतात आणि पट्टी ओढून काढताना त्याही निघून येतात. रुग्णाला वेदना होतात, रक्त येते व जखम पुन्हा मागे जाते. हे टाळणे हाच संपर्कस्तराचा हेतू आहे. तथापि 'न चिकटणारी' हे विशेषण आपण ज्या विश्वासाने वापरतो, तो विश्वास कितपत रास्त आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

चलच्चित्रणाच्या इतिहासात ज्यांचे नाव अजरामर झाले, त्या ऑग्युस्त ल्युमिएर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅराफिन व पेरू बाल्सम यांत भिजविलेली जाळीदार पट्टी प्रचारात आणली. 'त्यूल ग्रा' या नावाने ती ओळखली गेली. आपल्या रुग्णालयांतील पॅराफिन गॉज याच कुळातील. पुढे १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगांतून दाखविले की, पॉलिथिनच्या पातळ आवरणाखाली ओलसर राहिलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या तुलनेत सुमारे दुप्पट वेगाने पसरते. जखम कोरडी ठेवलेली बरी, या रूढ समजुतीला त्यामुळे हादरा बसला.

विवेचन

न चिकटणे हा केवळ पट्टीचा अंगभूत गुण नव्हे. पट्टी, जखमेतील स्राव आणि पट्टी बदलण्यातील अंतर या तिन्हींच्या संबंधातून तो निर्माण होतो. पॅराफिन गॉज आरंभी सहज सुटते. मात्र पॅराफिन ओसरले, स्राव वाळला, की तीच जाळी साध्या गॉजसारखी रुतून बसते. म्हणून 'कमी चिकटणारी' हाच शब्द अधिक प्रामाणिक ठरतो. मृदू सिलिकोनची जाळी भोवतालच्या कोरड्या त्वचेला हलकेच धरते, ओल्या जखमेला धरत नाही. काही प्रकारांत ती १४ दिवसांपर्यंत जागेवर ठेवता येते व केवळ वरचा शोषक थर बदलावा लागतो. परंतु रोज सगळीच पट्टी काढण्याचा परिपाठ कायम राहिला, तर महागडी जाळीही वाया जाते. येथे दोष पट्टीचा नसून सवयीचा असतो.

या संदर्भात मुंबईतील संशोधनाची दखल घेणे अगत्याचे आहे. १९८५ मध्ये डॉ. मनोहर केसवानी व त्यांच्या सहकाऱ्याने भाजलेल्या जखमांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्टीचा प्राथमिक वृत्तान्त 'बर्न्स' या नियतकालिकात मांडला. २००३ मध्ये त्याच नियतकालिकात डॉ. माधुरी गोरे व डॉ. अकोलेकर यांनी केळीच्या पानाच्या पट्टीचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. रोपणासाठी त्वचा काढलेल्या जागी पानाची तुलना व्हॅसलिन गॉजशी केली असता, पट्टी काढतानाची वेदना पानाच्या बाबतीत लक्षणीयरीत्या कमी आढळली. या कार्याचे मोल केवळ स्वस्ताईत नाही. पट्टीची परीक्षा ती लावताना नव्हे, तर काढताना होते, हे सूत्र त्यात स्वीकारलेले आहे.

तरीही दोन मर्यादा नोंदविल्या पाहिजेत. पान आणि गॉज यांतील भेद रुग्णाला व परिचारिकेला दिसतोच. त्यामुळे वेदनेच्या नोंदीवर पूर्वग्रहाची छाया पडू शकते. दुसरे असे की, पानाला जाळीसारखी नियमित छिद्रे नसतात. ज्या जखमेतून भरपूर स्राव येतो, तिथे हा निष्कर्ष सरसकट लागू करता येणार नाही. सुश्रुतसंहितेत व्रणोपचाराच्या साठ उपक्रमांत 'पत्रदान' आहे, हा दाखला अभिमानास्पद खरा. पण परंपरा हा पुरावा नव्हे. पानाला मान्यता मिळायची ती चाचणीमुळेच. तसेच केवळ पान आहे म्हणून त्यास मागास ठरविणेही तितकेच अशास्त्रीय होय.

निष्कर्ष

खरेदी करताना आपण एका पट्टीची किंमत पाहतो. ती किती वेळा बदलावी लागली, परिचारिकेचा किती वेळ गेला, वेदनाशामके किती लागली आणि जखम किती दिवसांत भरली, हा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. तो मांडल्यास कधी सिलिकोनची जाळी स्वस्त ठरेल, तर कधी केळीचे पान पुरेसे ठरेल. वेदना ही उपचारातील अपरिहार्य बाब मानून सोडून देण्याची वृत्ती या दोन्हींच्या आड येते. पट्टी काढतानाच्या वेदनेची नोंद नाडी व तापमान यांच्याप्रमाणेच रुग्णपत्रकावर नियमितपणे होऊ लागली, तर कोणती पट्टी खरोखर न चिकटणारी आहे, याचा निर्णय वेष्टनावरील शब्दांवर विसंबून राहणार नाही.