निकेलच्या गोष्टीत काय राहून जाते?

मूलद्रव्यांच्या शोधांचा तक्ता आपण विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. त्यातली निकेलची ओळ सुटसुटीत असते : निकेल, क्रोन्स्टेट, १७५१. ज्या पुस्तकांना मजकूर रंजक करायचा असतो ती आणखी दोन किस्से जोडतात. एक खाणीतल्या भुताचा, दुसरा लुडविग मॉंड यांना योगायोगाने सापडलेल्या शुद्धीकरणाच्या रीतीचा. यात खोटे फारसे नाही. तरीही ही मांडणी आम्हाला सदोष वाटते. तिच्यात धातू नुसता 'सापडतो'. तो इतर धातूंपासून वेगळा करावा लागतो, हे कोठेच येत नाही. निकेलचा इतिहास तर मुख्यतः या वेगळे करण्याचाच आहे.

आधी भुताची गोष्ट पाहू. जर्मनीतील एर्त्सगेबिर्ग डोंगरांतल्या खाणकामगारांना तांब्यासारखे तांबूस धातुक मिळे. भट्टीत घातले की त्यातून तांबे निघत नसे, विषारी वाफा मात्र निघत. हा खाणीतल्या भुताचा चावटपणा समजून त्यांनी त्याला 'कुप्फरनिकेल' म्हटले. पुस्तके हे अंधश्रद्धेचे उदाहरण म्हणून देतात. पण नावातले भूत बाजूला काढले तर उरते ते चोख निरीक्षण : रंग तांब्याचा असला तरी हे तांब्याचे धातुक नव्हे. आज आपण त्याला निकेल आर्सेनाइड म्हणतो. कामगारांचे कारण चुकले होते, निष्कर्ष चुकला नव्हता. हा फरक वर्गात सांगण्याजोगा आहे.

क्रोन्स्टेट यांनी कुप्फरनिकेलमधून नवा धातू काढला, असेही अनेक ठिकाणी छापलेले आढळते. प्रत्यक्षात त्यांनी प्रथम वापरले ते स्वीडनमधील लोस येथल्या कोबाल्टच्या खाणीतले दुसरेच धातुक. त्यातून पांढरा, ठिसूळ धातू मिळाला. कुप्फरनिकेलमध्येही तोच आहे हे त्यांनी नंतर दाखवले आणि १७५४ मध्ये त्या नावाचा उत्तरार्ध धातूला दिला. पण हा धातू शुद्ध नव्हता. हे लोह, कोबाल्ट, आर्सेनिक यांचे मिश्रणच आहे, असे काही रसायनशास्त्रज्ञ म्हणत राहिले आणि त्यांची शंका रास्त होती. तोर्बेर्न बेरीमान यांनी १७७५ मध्ये अधिक शुद्ध निकेल तयार केले, तेव्हा त्या शंकेला सबळ उत्तर मिळाले. तक्त्यातल्या एका सनामागे अशी २४ वर्षे दडलेली आहेत. चीनमधील कारागीर तर त्याआधीच तांबे, निकेल व जस्त यांचे 'पाकटाँग' हे रुपेरी संमिश्र बनवत होते. म्हणजे धातू वापरात होता, ओळखलेला नव्हता.

मॉंड यांच्या योगायोगाबद्दलही असेच. निकेलच्या झडपा खराब होऊ लागल्या, हा योगायोग खरा. पण कार्ल लँगर व फ्रीड्रिख क्विंके यांच्यासह त्यांनी निकेलवरून कार्बन मोनॉक्साइड सोडण्याचे प्रयोग चिकाटीने केले. बाहेर पडणारा विषारी वायू ते जाळून टाकत. उपकरण थंड होऊ लागले तेव्हा ती ज्योत उजळली. या बदलाकडे त्यांनी दुर्लक्ष केले नाही. सुमारे ५० ते ६० अंश सेल्सियसला निकेल या वायूशी संयोग पावून वायुरूप होते. मागे कोबाल्टसारखे धातू राहतात. तो वायू १८० अंशांच्या वर तापवला की शुद्ध निकेल सुटते. हा शोध १८९० मध्ये प्रसिद्ध झाला आणि वेल्समधील क्लायडाकचा कारखाना १९०२ मध्ये सुरू झाला. मधली १२ वर्षे योगायोगाची नव्हती.

आमची सर्वांत मोठी तक्रार याच्या पुढची आहे. क्लायडाकचा कच्चा माल कॅनडातील सडबरीहून येई. तेथील धातुकाकडे १८८३ मध्ये रेल्वेमार्ग बांधताना लक्ष गेले. त्यातला गंधक घालवण्यासाठी लाकडांवर धातुकाचे ढीग रचून ते उघड्यावर महिनोन्महिने जळत ठेवत. सल्फर डायऑक्साइडने आसपासची झाडे मेली, जमीन उघडी पडली. इकडे क्लायडाकच्या जुन्या कामगारांत नाकाच्या व फुप्फुसांच्या कर्करोगाचे प्रमाण असाधारण असल्याचे रिचर्ड डॉल यांनी १९५८ मध्ये दाखवून दिले. शुद्धीकरणाच्या किश्शात ज्योत असते, ढीग नसतात आणि कामगारही नसतात.

पाठ्यपुस्तकाच्या पानांना मर्यादा असतात, हे आम्हाला मान्य आहे. पण फळ्यावरच्या तक्त्यात दोन रकाने वाढवायला काही लागत नाही. 'कोणी व केव्हा' यांच्या शेजारी 'वेगळा कसा केला?' आणि 'त्याची किंमत कोणी मोजली?' हे प्रश्न लिहावेत. रकाने विद्यार्थ्यांनीच शोधून भरावेत. काही रिकामे राहिले तरी चालेल. प्रश्न पडले, तर तक्ता पाठ करण्यापेक्षा अधिक काम झाले.